उपाशीपोटी आलेली माणसं

"ताई, हार्टची टेस्ट करायची आहे," असं म्हणत कोणी काउंटरवर आलं की मी आधी त्यांना खुर्चीवर बसवते. यावल, रावेर, पारोळ्याकडून पहिल्या एसटीने उभ्याने आलेल्या, स्टँडवरून भरभर चालत आलेल्या माणसाचं रक्त लगेच काढलं तर कोलेस्टेरॉलचा आकडा थोडा चढा येतो. उभं राहिल्यावर रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपतं, रक्त दाट होतं आणि त्यातल्या मोठ्या कणांचं प्रमाण वाढल्यासारखं दिसतं. दंडाला पट्टा आवळून शीर शोधण्यात दोन मिनिटं गेली तरी तेच होतं. म्हणून बसायची पाच-दहा मिनिटं मी सोडत नाही. त्या मिनिटांत विचारते: टेस्ट कोणी सांगितली? आत्ता छातीत दुखतंय का? तंबाखू, बिडी? बीपीची गोळी चालू आहे? वडील, काका, मोठा भाऊ, कोणी कमी वयात गेलं का? या उत्तरांतलं बरंचसं रक्तात सापडत नाही, आणि ते कळल्याशिवाय रक्तातल्या आकड्यांचा अर्थ लागत नाही.

लॅब टेक्निशियनचा डीएमएलटी हा डिप्लोमा मी धुळ्याला केला. सुरुवातीची वर्षं तिथल्याच एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काढली, लग्नानंतर जळगावला आले. मी डॉक्टर नाही. निदान करणं माझं काम नाही, रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्ट सरांची असते. पण हृदयाच्या तपासण्यांबद्दल आमच्या खानदेशात जे समज आहेत, ते सगळ्यात आधी माझ्यासमोर येऊन बसतात. त्यातला सर्वांत पक्का समज असा की रक्त तपासलं की हृदयात ब्लॉक आहे की नाही ते कळतं. ते कळत नाही. ब्लॉक अँजिओग्राफीत दिसतो. लिपिड प्रोफाइल सांगतं, पुढच्या दहा-वीस वर्षांत वाहिन्यांच्या भिंतीत साचेल अशी चरबी रक्तात किती फिरते आहे. एचबीए१सी सांगतं, गेल्या दोन-तीन महिन्यांत साखर सरासरी किती राहिली. ट्रोपोनिन सांगतं, हृदयाच्या स्नायूला नुकतीच इजा झाली आहे का. हे तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला लावलं की बरोबर आलेला आकडाही माणसाला फसवतो.

लिपिड प्रोफाइलसाठी बारा तास उपाशी राहायचं, हे आमच्याकडे घराघरांत पोचलं आहे. "मी ते फक्त च्या पीसन उनी," असं एखादी मावशी अपराधी चेहऱ्याने सांगते तेव्हा मला वाईट वाटतं, कारण आता तेवढं कडक काही राहिलेलं नाही. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१६ मध्येच सांगितलं की नेहमीच्या तपासणीसाठी उपाशीपोटाची गरज नाही. आपल्याकडे कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने जुलै २०२४ मध्ये लिपिडबद्दलची स्वतःची पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही हेच आहे. साध्या जेवणाने एलडीएल फारसं हलत नाही, ट्रायग्लिसराइड थोडं वाढतं, इतकंच. ट्रायग्लिसराइड चारशेच्या पुढे आलं किंवा सोबत उपाशीपोटीची साखर पाहायची असली, तर मात्र उपाशी यावं. मी हे फोनवर मुद्दाम सांगते, कारण इन्सुलिनवर असलेली म्हातारी माणसं चोपड्याहून रात्रीच्या आठ वाजल्यापासून उपाशी राहून येतात आणि खुर्चीवर बसता बसता त्यांना दरदरून घाम फुटतो. साखर पन्नासवर आलेली असते. हृदयाची काळजी म्हणून आलेल्या माणसाला आमच्या दारात असं व्हावं, हे मला सहन होत नाही. गुळाचा खडा आणि साखरेचं पाणी मी टेबलावर तयार ठेवते.

सेंट्रीफ्यूजमधून नळी बाहेर काढली की खाली लाल पेशी बसलेल्या असतात आणि वर सिरम. चांगलं सिरम फिकट पिवळं, आरपार दिसणारं. ट्रायग्लिसराइड तीनशे-चारशेच्या वर गेलं की ते गढूळ होतं, हजाराच्या पुढे तर चक्क दुधासारखं पांढरं. हिवाळ्यात शेताशेतांवर भरीत पार्ट्या चालू असतात त्या दिवसांत, आणि श्रावणात कानबाईचे रोट झाल्यावर अशा नळ्या मला जास्त दिसतात. लोक लगेच तेलाला दोष देतात. शेवभाजीवरची तर्री, भरताला सोडलेलं शेंगदाण्याचं तेल, वरण-बट्टीवर ओतलेलं तूप. मी याच जेवणावर वाढले. तेल-तूप जपून खावं हे खरंच, पण पांढऱ्या नळीमागे बहुतेकदा निघते ती ताब्यात नसलेली साखर, नाहीतर दारू, नाहीतर गोड आणि मैदा. किती जणांचा मधुमेह आम्हाला आधी सिरमच्या रंगावरून लक्षात आला आहे! आले होते कोलेस्टेरॉल बघायला, निघाली साखर चारशे.

अशा नळीत आणखी एक धोका असतो. पुष्कळ ठिकाणी एलडीएल मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. विल्यम फ्रीडवॉल्ड, रॉबर्ट लेव्ही आणि डोनाल्ड फ्रेडरिकसन यांनी १९७२ मध्ये हा हिशेब दिला: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा, उरलं ते एलडीएल. ट्रायग्लिसराइड चारशेच्या आत असेल तरच हे चालतं, आणि मूळ संशोधनातच तशी अट घातलेली आहे. त्यापुढे एलडीएल खोटं कमी येतं आणि माणूस कमी आकडा पाहून खूश होऊन घरी जातो. आमच्याकडे अशा नळीचं एलडीएल थेट मोजतात. पण ज्यांच्या हातात आधीच कागद आहे त्यांना मी एक साधी वजाबाकी दाखवते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केलं की उरतं नॉन-एचडीएल. त्याला उपास लागत नाही, वेगळे पैसे लागत नाहीत, आणि वाहिन्यांना त्रास देणारं सगळं कोलेस्टेरॉल त्यात येतं.

तेला-तुपाचा विषय निघाला की मला अमळनेर आठवतं. आज विप्रो म्हणून जगभर ओळखली जाणारी कंपनी १९४५ मध्ये अमळनेरला सुरू झाली, ती वनस्पती तूप बनवायला. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स हे तिचं तेव्हाचं नाव. शेंगदाणा आमच्याच शेतांतला, तेल इथलंच, आणि त्या काळी वनस्पती तूप म्हणजे गरिबाच्या घरात सणाला गोड करण्याची सोय होती. तेलात हायड्रोजन घालून ते गोठवताना ट्रान्स फॅट तयार होतात आणि ते एलडीएल वाढवतात, एचडीएल उतरवतात, हे नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि कातान यांनी दाखवलं ते १९९० मध्ये. तोवर जगभरात दोन-तीन पिढ्या ते खाऊन मोठ्या झाल्या होत्या. भारतात तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा दोन टक्क्यांवर आली ती जानेवारी २०२२ पासून. सत्तरीतले एक आप्पा मला म्हणतात, "आम्ही तर लग्नात बुंदी डालड्यातच खाल्ली, तेव्हा कोणी काही सांगितलं नाही." त्यांचं बरोबर आहे. तेव्हा सांगू शकेल असं कोणी नव्हतंच.

आमच्या रिपोर्टांत एक चेहरा पुन्हा पुन्हा दिसतो: एकूण कोलेस्टेरॉल एकशे ऐंशी, म्हणजे दिसायला चांगलं, एलडीएल मध्यम, ट्रायग्लिसराइड दोनशे, आणि एचडीएल बत्तीस. माणूस अंगाने बारीक, पोट तेवढं पुढे. पहिल्याच ओळीत ठळक अक्षर नसलं की तो कागद घडी करून खिशात घालतो. आयसीएमआरच्या इंडियाब पाहणीचे देशभरातले आकडे २०२३ मध्ये आले. त्यांत कोलेस्टेरॉल वाढलेले लोक २४ टक्के होते, पण लिपिडमध्ये काही ना काही बिघाड असलेले ८१.२ टक्के. आपल्या लोकांचा बिघाड बहुतेकदा पहिल्या ओळीत नसतो, खालच्या ओळींत असतो. म्हणून रिपोर्ट देताना माझं बोट मी एकूण कोलेस्टेरॉलवर ठेवत नाही, खालपासून वर नेते. आणि "रेंजमध्ये आहे" हा शब्द तर मला रोज खुलासा करून सांगावा लागतो. कागदावरची रेंज सगळ्यांसाठी एक छापलेली असते. कार्डिऑलॉजिकल सोसायटीच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार धोका कमी असलेल्याचं एलडीएल शंभरच्या आत पुरतं, मधुमेह किंवा बीपी असलेल्याचं सत्तरच्या आत हवं, आणि ज्याला झटका येऊन गेला आहे त्याचं पंचावन्नच्या आत. स्टेंट बसवलेल्या माणसाचं एलडीएल अठ्ठ्याण्णव आलं, तर कागदावर ठळक अक्षर उमटत नाही. त्याच्यासाठी मात्र तो आकडा फार मोठा असतो.

धुळ्याच्या लॅबमध्ये शिकलेली एक गोष्ट मला जळगावात फार उपयोगी पडली. साक्री, शिरपूर, नंदुरबारकडून आणि सातपुड्याच्या पायथ्याकडून येणाऱ्या भिल्ल, पावरा, मावची, कोकणा समाजातल्या लोकांत सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं प्रमाण जास्त आहे. एचबीए१सी ही तपासणी तांबड्या पेशी चार महिने जगतात या गृहीतकावर उभी आहे. सिकलसेलच्या रुग्णाची तांबडी पेशी दोन-तीन आठवड्यांत संपते. साखर चिकटायला तिला वेळच मिळत नाही, आणि एचबीए१सी पाच टक्के येतं, साखर अडीचशे असली तरी. नुसत्या वाहकाच्या बाबतीत पेशी बऱ्यापैकी पूर्ण आयुष्य जगतात, पण काही यंत्रांना वेगळं हिमोग्लोबिन ओळखता येत नाही आणि आकडा वर-खाली होतो. चांगल्या एचपीएलसी यंत्राच्या आलेखावर वेगळा उंचवटा दिसतो. तो दिसला की मी टेक्निशियन म्हणून गप्प बसत नाही, सरांना दाखवते, आणि रिपोर्टवर तशी टीप जाते: उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहावी, फ्रुक्टोसामिनचा विचार करावा. मधुमेह वाहिन्यांना किती पोखरतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण "तीन महिन्यांची साखर नॉर्मल" असा कागद घेऊन कोणी डोंगरात परत गेलं, तर त्याला पुन्हा खाली यायला वर्षं लागतात.

उन्हाळ्याचंही बोललं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या पुढे असतो. गावातल्या कलेक्शन सेंटरवरून मोटारसायकलच्या डिकीत आलेल्या नळीचं तासाभरात काय होत असेल? पेशी साखर खात राहतात. साध्या नळीत दर तासाला पाच-सात टक्के साखर कमी होते, उष्णतेत आणखी जास्त. पेशी फुटल्या की पोटॅशियमचा आकडा भलताच येतो. म्हणून साखरेसाठी राखाडी टोपणाची फ्लोराइडची नळी, सिरम जागेवरच वेगळं करणं आणि बर्फाची पेटी. यावर मी नळ्या आणणाऱ्या मुलांशी भांडते, आणि भांडत राहणार.

अलीकडे पॅकेजं आली आहेत. ऐंशी तपासण्या, शंभर तपासण्या, "कंप्लीट कार्डियाक". त्यात रक्तातलं होमोसिस्टीन हमखास मोजलेलं असतं, आणि आमच्याकडच्या शाकाहारी घरांत ते हमखास वाढलेलं येतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले, तेव्हा ६७ टक्क्यांत बी१२ कमी आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेलं निघालं. वाढलेलं होमोसिस्टीन आणि हृदयविकार एकत्र दिसतात, म्हणून लोक घाबरतात. पण २००६ मध्ये होप-२ आणि नॉर्विट हे दोन मोठे अभ्यास छापून आले, आणि फॉलिक आम्ल-बी१२ देऊन होमोसिस्टीन उतरवलं तरी झटके कमी झाले नाहीत असं निघालं. बी१२ कमी असेल तर ते भरून काढलंच पाहिजे, मज्जातंतूंसाठी, रक्तासाठी. पण होमोसिस्टीन चोवीस आलं म्हणून रात्रभर न झोपलेला दुकानदार माझ्यासमोर बसतो, त्याच्या खिशात तंबाखूची पुडी असते आणि बीपी त्याने दोन वर्षांत मोजलेलं नसतं, तेव्हा मला त्या पॅकेजचा राग येतो. तीनेक हजार रुपये गेले आणि ज्यावर काही करता आलं असतं त्या दोन गोष्टी राहूनच गेल्या. २००४ च्या इंटरहार्ट अभ्यासात ५२ देशांतले लोक होते. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी, हे त्यातूनच दिसलं. त्यात धोक्याच्या यादीत सर्वांत वर होते ते रक्तातल्या चरबीचं प्रमाण आणि तंबाखू.

आता ट्रोपोनिन. बाकी सगळ्या तपासण्यांत चूक झाली तर महिन्यांचा प्रश्न असतो, इथे मिनिटांचा.

एका पहाटे शटर उघडतानाच एक तरुण वडिलांना मोटारसायकलवर मध्ये धरून घेऊन आला. मागे बसलेल्या चुलत्याने त्यांना घट्ट पकडलं होतं. वय पन्नासच्या आत-बाहेर, केळीचे शेतकरी. रात्री तीनपासून छाती दाबल्यासारखी, डावा हात जड, कपडे घामाने भिजलेले. गॅस असेल म्हणून सोडा पिऊन झाला होता. गावातल्या कोणी तरी सांगितलं होतं, आधी ट्रोपची टेस्ट करा, ती निगेटिव्ह आली तर दवाखान्याचा खर्च वाचेल. मी रक्त काढलं नाही. मुलाला म्हटलं, भाऊ, इथे एक मिनिटही थांबू नका, आणि मागच्या गल्लीतल्या हृदयरोगाच्या दवाखान्यात फोन केला. ईसीजीत मोठा झटका दिसला, अर्ध्या तासात उपचार सुरू झाले, वडील वाचले.

मुलगा नंतर विचारत होता, तुम्ही टेस्ट का नाही केली? त्याला जे सांगितलं ते मी येईल त्याला सांगते. हृदयाची पेशी मरायला लागली की तिच्यातलं ट्रोपोनिन रक्तात यायला वेळ लागतो. साध्या कार्डवर ते दिसायला चार-सहा तास जातात. जास्त संवेदनशील पद्धतीने ते लवकर कळतं, तरी तीही तासा-तीन तासांच्या अंतराने दोनदा करतात, कारण आकडा चढतो आहे का हे पाहायचं असतं. म्हणजे दुखायला लागल्यावर पहिल्या तासात निगेटिव्ह आलेला कागद काहीच सिद्ध करत नाही. उलट बाजूही आहे. किडनी बिघडलेल्या माणसाचं ट्रोपोनिन झटका नसताना वाढलेलं असू शकतं. आणि केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या गोळ्या घेणाऱ्याचं काही पद्धतींत खोटं कमी येऊ शकतं. म्हणून मोठा झटका ईसीजीवर ओळखतात आणि त्यासाठी रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहत नाहीत. एक ट्रकचालक मला माहीत आहे. महामार्गावरच्या एका गावात छातीत दुखायला लागल्यावर त्याने कार्ड टेस्ट केली, निगेटिव्ह म्हणून त्याला जाऊ दिलं, आणि संध्याकाळी धुळ्याच्या अलीकडे तो स्टिअरिंगवर कोसळला. त्या कागदावर वेळ लिहिलेली होती. दुखायला लागून पाऊण तास झाला होता. तेव्हापासून माझ्या काउंटरवर पाटी आहे: छातीत दुखत असेल तर रक्त नाही, आधी ईसीजी, १०८ ला फोन.

त्याच केळीच्या शेतकऱ्याचा मुलगा दोन महिन्यांनी स्वतःसाठी आला. वय बत्तीस, वडिलांना झटका एकोणपन्नासाव्या वर्षी, आजोबा चाळिशीत "झोपेतच गेले" असं घरात सांगतात. डॉक्टरांनी लिपिडसोबत लायपोप्रोटीन-ए लिहून दिलं होतं. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये शोधलेला हा कण. तो किती असणार हे जन्मतःच ठरलेलं असतं, खाण्यापिण्याने, चालण्याने तो फारसा बदलत नाही, म्हणून बहुतेकांना आयुष्यात एकदा मोजला तरी चालतो. जगभरात साधारण पाचांतल्या एकाचं पन्नासच्या वर असतं. या मुलाचं एकशे दहा आलं. तो खचला. "ताई, म्हणजे आता काही उपाय नाही?" आहे, असं मी त्याला म्हटलं. हा आकडा हातात नाही, म्हणून बाकीचे सगळे हातात घ्यायचे: एलडीएल, बीपी, साखर, तंबाखू. आणि सख्ख्या भावंडांना पाठवायचं.

लहान भाऊ पुढच्या रविवारी आला. त्याचं वीस आलं, तो सुटला. बहीण शिरपूरला दिलेली, तिला आणायला घरात कोणी तयार नव्हतं. बायकांना कुठे हार्टचं असतं, असं सासू म्हणाली म्हणे. मी मुलाला सांगितलं की हा वारसा अर्धा आईकडून, अर्धा बापाकडून येतो, तो मुलगा-मुलगी पाहत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ती माहेरी आली तेव्हा तो तिला घेऊन आला. एकोणतीस वर्षांची, कडेवर पोर, आयुष्यात रक्त तपासलं होतं ते फक्त बाळंतपणात. तिने दंड पुढे केला आणि अहिराणीत विचारलं, "रिपोर्टमा काय शे ते माले सांगशात ना? दादाले नही, माले."

तिचं लायपोप्रोटीन-ए थोरल्या भावापेक्षाही जास्त निघालं, आणि एलडीएल एकशे बासष्ट. रिपोर्ट मी तिच्याच हातात दिला, तिच्यासमोर बसून एकेक ओळ समजावली. डॉक्टरांनी तिला बाळ अंगावर पितं आहे तोवर गोळी नको म्हटलं, बीपी मोजायला शिकवलं, आहार लिहून दिला आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं. तारीख तिने मोबाइलमध्ये टाकली, आणि नवऱ्याचं रक्त तपासायचे किती पैसे होतील ते विचारून घेतलं.